आबांचा न बोलायचा तास

फाट्यावरच्या उपकेंद्रात आसमीन सिस्टरनं काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावरून उचलली, उजेडात धरली आणि तिचं तोंडच उतरलं. नळीतलं निळं औषध गेल्या महिन्यात नारिंगी झालं होतं. आज ते भाजलेल्या विटेसारखं लाल दिसत होतं. म्हणजे लघवीत साखरच साखर. आणि ती ज्यांची, ते भिमा आबा समोरच्या बाकावर मांडी घालून मजेत बसले होते.

"आबा, महिनाभर चालताय ना?"

"तर. रोज तासभर."

"खरं सांगा."

आबांना ते झोंबलं. त्यांच्या घराण्यानं मेंढरांमागं अख्खं कोकण पायाखाली घातलेलं. पुढं पाटाला पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला, दारात मोटारसायकल आली आणि तिच्या मागोमाग हा आजार आला. "शिस्टर, माशाच्या पिलाला पवायला शिकवायचं व्हय?" ते म्हणाले. "चालतोय मी. इचारा कुणालाबी. अनसाबाईच्या दारात च्या घेतो, सोसायटीपाशी घेतो, ज्योतिबाच्या हाटेलात तर दोनदा घेतो, जाताना आन् येताना. न्हाई म्हणलं तर माणसाला वाईट वाटतं."

सिस्टरनं बोटं मोजली. घरापासून फाट्यापर्यंत आणि परत, चार कप. आबा साखर कमी करायला घरातून निघत होते आणि वाटेत ती भरून घेऊन परत येत होते.

आसमीन यवतची. तिचे वडील इमामभाई शिलाईकाम करायचे, आणि एकदा मापाला कापड घेतलं की ते बिघडू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट लेकीत उतरला होता. तिनं खुर्ची पुढं ओढली. "आबा, मोठे डॉक्टर म्हणतात, वस्तीवरची माणसं ऐकत नाहीत, त्यांना सरळ इंजेक्शन सुरू करा. मी त्यांना सांगून आले, माझे आबा ऐकतील. एक महिना द्या म्हटलं. आता माझी लाज तुमच्या हातात आहे."

असं कुणी म्हटलं की आबांचा नाइलाज व्हायचा.

"उद्यापासून एक तास अजिबात थांबायचं नाही. चहा नाही. बोलायचंसुद्धा नाही. बोललात की बसणार, बसलात की पिणार. पायाला जखम नको म्हणून बूट घाला. घाम पुसायला खांद्यावर टॉवेल घ्या."

"आन् तास झाल्यालं कळंल कसं? मला घड्याळातलं कळत न्हाई."

"मग?"

"सूर्य हाय की. आमच्या दारातल्या लिंबाच्या शेंड्याला लागला की झाला तास. शबुद दिला, शिस्टर. आभाळ पडलं तरी तोंड उघडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, ते सिस्टरला नंतर जोडून जोडून कळलं. उजाडताच आबा निघाले. कमरेला पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, मान खाली आणि पायांना वेग. अनसाबाईनं दारातून हाक मारली, आबा थांबले नाहीत. सोसायटीपाशी चौघांनी रामराम घातला, आबा बोलले नाहीत. ज्योतिबानं त्यांना लांबूनच बघून कप भरून ठेवला होता. तो कप घेऊन रस्त्यावर आला.

"आबा, च्या."

आबांनी हातानंच नको म्हटलं.

आता या मुलखात लहान पोरालाही ठाऊक आहे की खांद्यावर टॉवेल टाकून, कुणाशी न बोलता सकाळी झपाझप निघालेला माणूस मयताचा सांगावा घेऊन निघालेला असतो. तो कुणाच्या दारात टेकत नाही आणि घोटभर पाणीही घेत नाही. ज्योतिबा कप घेऊन तसाच आबांच्या मागं निघाला.

"आबा, काय झालं? घरी समदी बरी हायती न्हवं?"

आबांची पंचाईत झाली. बोलावं तर शब्द मोडतो. तास झाला की बोलतो, हे सांगायला त्यांनी बोट वर करून सूर्य दाखवला. आणि पुढं गेले.

"वर गेली," ज्योतिबा कप खाली ठेवत म्हणाला. "आबांची कारभारीण, म्हाळसा वैनी गेली."

आसमीन सिस्टर एसटीतून फाट्यावर उतरली तेव्हा हॉटेल बंद होतं. ज्योतिबा सकाळचं हॉटेल बंद करत नाही, म्हणून तिनं पाटावरच्या बाईला विचारलं. "भिमा आबाच्या घरी मयत झालीया," बाई म्हणाली. "कोण गेलं ते काय ठावं न्हाई."

सत्तरीच्या माणसाला आपण तासभर न थांबता पळवलं. पाणी प्यायचं सांगितलं होतं का? ते आठवेना. ती पर्स छातीशी धरून वस्तीकडं धावत सुटली.

वस्तीवर चाळीसेक माणसं जमली होती. त्याआधी आणखी एक गोंधळ होऊन गेला होता. अनसाबाई गळा काढून "म्हाळसे गं" म्हणत अंगणात शिरली, तेव्हा म्हाळसाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं दारात टॉवेलवाली माणसं बघितली, आबा घरात नाहीत हे आठवलं, आणि हातातलं पीठ तसंच टाकून तिनं अनसाबाईपेक्षा मोठा हंबरडा फोडला. ज्याअर्थी म्हाळसाबाई रडतेय त्याअर्थी ती जिवंत आहे, म्हणजे गेले ते आबाच, असं लोकांनी ठरवलं. ज्योतिबा एकटा सांगत होता, "आरं मी आत्ता बगितलं त्यांना," पण रडारडीत त्याचं कोण ऐकतो. दोघंजण बांबू आणायलाही गेले होते.

"सिस्टरबाई," म्हाळसाबाई आसमीनच्या गळ्यात पडली, "आवो, चांगलं चालत गेलं हुतं."

आसमीनला रडू आवरेना. आणि तेवढ्यात पाटाच्या कडेनं, त्याच वेगात, आबा आले.

माणसं वाट सोडून मागं सरली. आबांनी एवढी माणसं बघितली, म्हाळसाबाई धडधाकट आहे हे बघितलं, लिंबाकडं बघितलं. सूर्य अजून शेंड्याच्या हातभर खाली होता. आबा वळले आणि अंगणाला फेरी घालायला लागले.

"आबा, कोण गेलंय?" ज्योतिबा मागं मागं पळत होता.

आबांनी पुन्हा वर बोट केलं.

"आवो, बोला की," म्हाळसाबाई ओरडली. "ह्यांना झपाटलंय वाटतं."

दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला बांबू घेऊन आलेले दोघं आडवे आले. आबा बांबू ओलांडून गेले. चौथ्या फेरीला सूर्य लिंबाच्या शेंड्याला लागला. आबा थांबले, टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हां. आता बोला. कुणाचं काय झालं?"

आसमीन सिस्टर डोळे पुसत हसली. चाळीस माणसं रडत होती, बायको टाहो फोडत होती, अंगणात बांबू आले होते, तरी या माणसानं तिला दिलेला शब्द मोडला नव्हता. असा पेशंट अख्ख्या तालुक्यात कुणाकडं नसेल, असं तिला वाटलं, आणि तिची मान ताठ झाली. मग ती अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"कुणी जायचं नाही," ती म्हणाली. "चाळिशीच्या वरच्यांनी रांग लावा. नाहीतरी आलाच आहात."

मयताला आलेली माणसं बाटलीतून लघवी देऊन घरी गेली. उपकेंद्रात दुपारपर्यंत दिवा पेटता होता. निळी, हिरवी, पिवळी करत नळ्या रांगेत लागल्या. नऊ जणांचा रंग बिघडलेला निघाला. सर्वांत लाल नळी ज्योतिबाची होती.

महिन्यानं आबांची नळी दिव्यावरून उतरली ती पाटाच्या पाण्यासारखी निळीच्या निळी. सिस्टरनं ती त्यांच्या हातात दिली. आबांनी ती उन्हात धरून फिरवून फिरवून बघितली.

"आता मोठ्या डागदराला दावा," ते म्हणाले. "म्हणावं, वस्तीवरची माणसं ऐकत्यात."

सिस्टरनं खरोखरच दाखवली.

त्या दिवसापासून सकाळी फाट्यावर कुणी नवखा उभा असला की त्याला खांद्यावर टॉवेल टाकलेली दहा माणसं एका ओळीत मुकाट्यानं येताना दिसतात. सगळ्यांत पुढं आबा असतात. मेंढरं विकल्यापासून कपाटामागं पडलेली काठी त्यांच्या हातात असते. पाटाच्या वळणावर ते न थांबता मागं बघतात, डोकी मोजतात. नऊ भरली की त्यांची छाती पूर्वीसारखी फुगते.

परवा एसटीची वाट बघणाऱ्या एका पाहुण्यानं पागोटं काढून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, बाबा?"

दहाही जणांनी एकदम वर बोट केलं आणि पुढं गेले.