पुंजाजींचे पंधरा शेर

पुंजाजी प्रवासाला निघाले की आधी दुसऱ्याचं सामान शोधायचे. स्वतःचं त्यांच्याजवळ कधी काही नसे. खांद्यावर उपरणं आणि हातात एक छत्री, तीही उघडायची वेळ आली तर कोणाची तरी मदत लागणारी. कारंज्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळी ते मंगरूळपीरच्या मोटर स्टँडवर हजर होत, कारंज्याचं तिकीट काढत, आणि मग टपावर चढायच्या गाठोड्यांमधून मुलगी बघायला आलेल्या वरबापासारखे फिरत.

परवा माझा नातू विमानाने कुठे तरी निघाला होता. बॅगेचे वेगळे पैसे पडले म्हणून विमानतळावरून फोन करून माझ्यापाशी कुरकुरत होता. मी म्हटलं, "रांगेत बघ, रिकाम्या हाताचा कोणी म्हातारा दिसतो का." मी काय म्हणते ते त्याला कळलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

त्या काळी, म्हणजे पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं, आमच्या मोटरीत माणशी पंधरा शेर सामान फुकट जायचं. वर गेलं की लगेज, म्हणजे सामानाचं वेगळं भाडं, पडायचं. कंडक्टर काट्याला गाठोडं अडकवी आणि काटा खाली गेला की प्रवाशाचं तोंडही खाली जाई. पुंजाजींचं म्हणणं असं, की तिकिटाच्या पैशात बसायची जागा आणि पंधरा शेर अशा दोन वस्तू मिळतात. त्यातली एक वापरायची आणि दुसरी फुकट जाऊ द्यायची, याला काय म्हणायचं? "जागा घेतो तं पंधरा शेर काहून सोडू? हक सोडाचा नाई, बाप्पा." ते तहसील कचेरीत तीस वर्षं चपराशी होते. कायद्याची पुस्तकं त्यांनी वाचली नव्हती, पण या टेबलावरून त्या टेबलावर इतकी वाहिली होती की थोडा कायदा अंगाला लागलाच असणार.

तर ज्याचं सामान जास्त, त्याचं ते जास्तीचं पुंजाजी आपल्या नावावर घेत. पण असं तसं नाही. "माहं सामान म्हनाचं तं आत काय हाय ते मले मालूम पाह्यजे," असं म्हणून ते मालकाची उलटतपासणी सुरू करत. पापड असले तर उडदाचे की मुगाचे, किती, आणि लाटायला कोण कोण होतं. एका बाईला त्यांनी गोधडीत कोणाकोणाची लुगडी आहेत ते विचारलं. ती सांगता सांगता सासूच्या लुगड्यापाशी आली आणि रडायला लागली. मोटर दहा मिनिटं उशिरा सुटली.

एकदा किन्हीराजाच्या एका गृहस्थाने ज्वारी आहे म्हणून एक पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं. अर्ध्या वाटेत ज्वारी म्याव म्हणाली. घरातलं दूध पिणारं मांजर लांब सोडायला तो गृहस्थ निघाला होता. जनावराचे पैसे वेगळे, हे पोतं कोणाचं, असं कंडक्टरने विचारल्यावर तो गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागला. पुंजाजी म्हणाले, "माहं हाय." पैसे त्यांनीच भरले आणि संध्याकाळी मांजर घेऊन घरी परत आले. लोक हसले तर म्हणाले, "एकदा माहं म्हटलं तं म्हटलं." त्या मांजराचं नाव त्यांनी 'लगेज' ठेवलं. संध्याकाळी ओट्यावर उभं राहून ते "लगेज, ये, दूध पी" असं ओरडत, तेव्हा नवा माणूस थबकून इकडेतिकडे बघे.

आता माझी गोष्ट. गावाबाहेर आमचा वांग्या-मिरच्यांचा लहानसा मळा होता. मी शाळेत बरी होते, आणि अमरावतीला मास्तरणी होण्याच्या शिक्षणासाठी माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी हजर होऊन फी भरायची, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. कारंज्याहून सुटणारी आगगाडी गाठायची तर सकाळची ही एकच मोटर. बाबांनी पदराच्या गाठीत बांधून दिलेले पैसे म्हणजे फी आणि भाडं, त्यात एक आणा इकडचा तिकडे होणार नव्हता. माझे पंधरा शेर अंथरूण आणि भांड्यांनीच भरले. राहिली ती लोखंडी पेटी.

पुंजाजींनी पेटीवर हात ठेवला. "हे माही."

पण आम्हाला यायला उशीर झाला होता, त्यामुळे उलटतपासणी राहून गेली होती. आणि कंडक्टर नवा होता. पुंजाजींची कीर्ती मात्र त्याच्या कानावर आलेली दिसली.

"पेटीवर गुलाबाचं फूल काढेल हाय," तो म्हणाला.

"मले गुलाब आवडते."

"मंग आत काय हाय ते सांगा. बरोबर निंघालं तं तुमची. नाई तं पोरीची, आन् लगेज पडन."

मी पदराची गाठ मुठीत धरली. बाबा रिकामं टोपलं घेऊन उभे होते. विकण्यासारखं होतं ते आठवडाभर आधीच विकून झालं होतं. पुंजाजींनी डोळे मिटले.

"वरतं आरसा हाय. कागदात गुंडायला हाय, फुटू नाई म्हून. त्याच्याखाली दोन लुगडे, एक नवं, एक धुतलेलं. फनी. तेलाची शिशी, फडक्यात बांधून. आन् मायनं देल्ले लाडू हायेत एका डब्यात, ते पोट्टी रस्त्यानं खानार नाई, तिथं जाऊन रडत रडत खाईन."

किल्ली माझ्याजवळ होती. "पोरीजवळ देली सांभायाले," पुंजाजी डोळे न उघडता म्हणाले. कंडक्टरने पेटी उघडली. वर आरसा होता, कागदात. लुगडी होती, फणी होती, शिशी होती, डबा होता. आणि त्याखाली पुस्तकं होती.

"पुस्तकं तं तुमी सांगतलेच नाई."

पुंजाजींनी डोळे उघडले आणि पेटीत वाकून बघितलं. "इतकी भारी काहून हाय ते मले आत्ता समजलं," ते म्हणाले.

सगळा स्टँड हसला. कंडक्टरने भूगोलाचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "तुमचं हाय ना? मंग वाचून दाखवा."

"चश्मा घरी राह्यला," पुंजाजी म्हणाले. त्यांना चष्मा नव्हताच. "पोरी, तू वाच याईले."

मी वाचलं. नद्यांचा धडा होता. पहिली ओळ माझी मलाच ऐकू आली नाही. दुसऱ्या ओळीला पुंजाजी म्हणाले, "मोठ्यानं." मग मी मोठ्याने वाचलं, नदी डोंगरात लहान असते, वाटेत तिला ओढे मिळतात, ती मोठी होते. टपाच्या शिडीवरचा हमाल गाठोडं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. परिच्छेद संपला तशी मी थांबले. खिडकीतली एक म्हातारी म्हणाली, "थांबली काहून? पुढं कोठी जाते ते?"

कंडक्टरने घड्याळ बघितलं. "चढवा बाप्पा पेटी," तो म्हणाला.

पुढे पस्तीस वर्षं मी शिकवलं. माझा पहिला वर्ग मंगरूळपीरच्या मोटर स्टँडवर भरला, आणि तो पुंजाजींनी भरवला, हे मी कधी विसरले नाही.

मोटरीत मी त्यांना विचारलं, आरशाचं कसं कळलं? "इतके वर्सं पोरीइच्या पेट्या नेऊन राह्यलो," ते म्हणाले. "सासरी जानाऱ्या समद्या. आरसा वरतंच असते. पुस्तकं मी आजच पाह्यले."

कारंज्याला त्यांनी पेटी गाडीत चढवून दिली आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर बसून राहिले. मी विचारलं, "तुमचं इथं कोन हाय, काका?"

"कोनी नाई."

"मंग दर बाजाराले कायले येता?"

ते छत्रीच्या दांड्याशी चाळा करू लागले. "सामान असलं का कोनी ना कोनी घ्याले येते," ते म्हणाले. "मोटर थांबली का ज्याईचं सामान ते मानसं इकडंतिकडं पायतेत. मले पायलं का हासतेत. एखादा च्या बी पाजते. रिकाम्या हाताच्या मानसाले कोन घ्याले येते, बाई?"

गाडी सुटली. अमरावतीला जाऊन मी लाडू खाल्ले, त्यांनी सांगितलं होतं तसेच.

दोन वर्षांनी मला कारंज्यालाच शाळा मिळाली. पहिल्या बाजाराच्या दिवशी मी मधल्या सुट्टीत मोटर स्टँडवर जाऊन उभी राहिले. मोटर आली. माणसं उतरली, टपावरून गाठोडी उतरली, ज्याची त्याने नेली. शेवटी पुंजाजी उतरले. त्या दिवशी त्यांना कोणाचंच सामान मिळालं नव्हतं. ते छत्री टेकत, खाली मान घालून चालायला लागले. मी हसून पुढे झाले, तर त्यांनी मागे वळून बघितलं, ही कोणाला बघून हसते म्हणून.

"कोनाचं सामान घ्याले आली, पोरी?"

"कोनाचं नाई. तुमाले घ्याले आली."

पुंजाजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या रिकाम्या हाताकडे बघितलं, दुसऱ्या हातातल्या छत्रीकडे बघितलं, आणि ती छत्री माझ्यापुढे धरली.

"घ्याले आली ना? मंग हे धर," ते म्हणाले. "हक सोडाचा नाई."

मी छत्री घेतली आणि आम्ही चहा प्यायला गेलो.