वाघूर एक, उत्तरं दोन

डिंभ्याच्या शाळेत तुळशीदास सरांनी छाती फुगवून सांगितलं, "जगातलं कुठलंही वर्गसमीकरण आणा. माझा प्रोग्राम दोन सेकंदांत सोडवतो!"

साल अठ्ठ्याण्णव. नव्या नवरीसारखा रुमालाखाली झाकलेला कॉम्प्युटर शेजारच्या गिरणीतून ओढलेल्या वायरवर जगत होता, आणि गिरणीवाला सोमवारी वायर काढणार होता. शाळेला स्वतःचा मीटर हवा तर समितीचे अध्यक्ष कुशाबा यांची सही हवी. कुशाबांचा जीव मेंढरांत. म्हणून सरांनी उदाहरणही मेंढरांचंच घेतलं.

"बोला कुशाबा, वाघूर केवढी?"

"साठ हात." वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

"आणि वाडा?"

"दोनशे चौरस हात पायजे. न्हाईतर मेंढरं एकमेकांच्या अंगावर बसत्यात."

सरांनी आकडे घातले. पडद्यावर लांबी उमटली, वीस. तिच्याखाली आणखी एक, दहा.

"कंचं खरं?"

"दोन्ही!"

कुशाबांनी दोन्ही आकडे पाठ केले. मग पटका सावरून उठले. "मशीन लई गुणाचं हाय. सही उद्या करतो."

दिवेलागणीला गेणभाऊ आणि संपत हे दोन शेतकरी शाळेच्या दारात भांडत उभे. लेंडीखतासाठी आज रानात मेंढरं बसवायचा शब्द कुशाबांनी दोघांनाही दिला होता.

"ह्याला वीसचा वाडा, मला दहाचा!" संपत म्हणाला. "मी काय घोडं मारलंय, राव?"

मागून कुशाबा, त्यांची बायको सोनीबाई आणि सगळा कळप. कळपानं आल्या आल्या शाळेची सदाफुली खायला घेतली.

"सर, दुसरी वाघूर द्या," कुशाबा म्हणाले.

"दुसरी नाही हो! लांबी वीस धरली तर रुंदी दहा, दहा धरली तर वीस. वाडा एकच."

सोनीबाईंनी विचारलं, "म्हंजी उभा न्हाईतर आडवा?"

"हो."

"आन् एवढ्यापायी लाईट जाळली?"

कुशाबा शांतपणे म्हणाले, "सर, आमी दिल्याला शबुद फिरवत न्हाई."

शेवटी वाघूर शाळेच्या मैदानातच लागली. लेंडी दोघांत निम्मी निम्मी. उभी लागली की आडवी, हे सरांनी विचारलं नाही.

सकाळी समितीनं ठराव केला: मीटर मंजूर, मात्र यापुढं यंत्रानं एका प्रश्नाला एकच उत्तर द्यावं. खाली कुशाबांची ठसठशीत सही.

सरांनी प्रोग्राममधली दुसऱ्या उत्तराची ओळ पुसली. सोमवारी मीटर बसला. घटक चाचणीत अख्ख्या दहावीनं प्रत्येक समीकरणाचं एकेकच मूळ लिहिलं.

सरांनी सगळ्यांना पूर्ण गुण दिले. ठरावच तसा होता.