गुणवंतराव साळिंदर आणि अडकलेला पाळणा

एका जंगलात, जिथे नेटवर्क फक्त उंबराच्या झाडाखाली मिळायचं, तिथे गुणवंतराव नावाचे एक साळिंदर राहत होते. मुलांनो, त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळायचं. निदान त्यांना स्वतःला तसं वाटायचं, आणि बाकीच्यांना त्यातलं काहीच कळत नसल्यामुळे त्यांचं चांगलं चाललं होतं.

एकदा चंद्राक्का सांबरीण त्यांच्याकडे आली. तिला नात झाली होती. बारसं आठ दिवसांवर होतं. तिचे यजमान तात्या वारण्यापूर्वी एका सीडीवर नातवंडासाठी पाळणा गाऊन गेले होते. तो बारशाला लावायचा होता.

"गुणवंता, एकदा लावून बघ बाबा. नीट वाजतोय ना, एवढंच."

गुणवंतरावांनी आपल्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. नवी सिस्टीम आली आहे, आता घ्यायची की नंतर?

शहाण्या प्राण्याने आधी पाळणा ऐकला असता. गुणवंतरावांनी 'आता' दाबलं.

दोन तासांनी कॉम्प्युटर नवाकोरा होऊन उठला. रंग सुंदर होते. फक्त सीडी ड्राइव्ह कुठे दिसेना. समोरचं बटण दाबलं तरी तो उघडेना. तात्यांचा पाळणा आतच राहिला.

चंद्राक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

"नव्या सिस्टीममध्ये असं होतंच," गुणवंतराव म्हणाले. "उद्यापर्यंत काढून देतो."

मग त्यांनी कंबर कसली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ड्राइव्ह चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काढला, पुन्हा टाकला. ज्या ठिकाणी 'इथे हात लावू नये' असं लिहिलं होतं, तिथे जाऊन दोन ओळी पुसल्या. त्यामुळे प्रिंटरही दिसेनासा झाला. प्रिंटर शोधताना कॉम्प्युटरचा आवाज गेला.

उंबराखाली बसून त्यांनी दूरदूरच्या जंगलांना प्रश्न विचारला. दोनशे बारा प्राण्यांनी उत्तर दिलं, 'मलाही हाच त्रास आहे.' एका माकडाने लिहिलं, 'माझा सुटला, धन्यवाद!' कसा सुटला, ते मात्र त्याने लिहिलं नव्हतं. गुणवंतरावांनी त्या माकडाला अकरा निरोप पाठवले.

खरं सांगायचं तर मुलांनो, त्यांना मजा येत होती. चौथ्या दिवसापासून त्यांना पाळण्याची आठवणही राहिली नव्हती. चंद्राक्का रोज संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहायची आणि ते तिला कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये बसणारा फिल्टर म्हणजे काय ते समजावून सांगायचे.

बारशाचा दिवस उजाडला. पाहुणे आले. घुगऱ्या शिजल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. गुणवंतरावांनी कॉम्प्युटर तिथेच उचलून आणला होता, सगळे त्याच्याभोवती जमले.

"कारण जवळजवळ सापडलंय," गुणवंतराव म्हणाले.

"माझ्या नातीला आजोबांचा आवाज कधी ऐकायला मिळायचा रे?" चंद्राक्का म्हणाली आणि रडायलाच लागली.

तेव्हा तिची सून इंदू, बाळाला घेऊन बसलेली, हळूच म्हणाली, "काका, सीडी नुसती बाहेर आली तरी चालेल. गव्यांकडे जुना प्लेअर आहे."

"अगं, कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसल्याशिवाय तो उघडेल कसा?"

"मग त्याच्या दाराखाली हे बारीक भोक कशाला ठेवलंय?"

ते भोक कशासाठी असतं, हे गुणवंतरावांना ठाऊक होतं. शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यात पिन खुपसली की दार हाताने उघडता येतं. पण इतकी सोपी गोष्ट करायला त्यांच्यासारखा जाणकार कशाला हवा?

"पण आता पिन कुठून आणणार?" ते पुटपुटले.

सगळं जंगल त्यांच्या पाठीकडे बघू लागलं.

गुणवंतरावांनी शेपटीजवळचा सगळ्यात बारीक काटा उपटला. भोकात घातला. टक्क! ड्राइव्ह उघडला. गव्यांचा प्लेअर आला आणि तात्यांचा घोगरा, जरासा बेसूर आवाज रानभर पसरला. चंद्राक्का डोळे मिटून ऐकत राहिली. गुणवंतरावांच्याही डोळ्यांना धार लागली होती. काटा उपटल्यामुळे, असं त्यांनी विचारणाऱ्यांना सांगितलं.

नाव ठेवून झाल्यावर गुणवंतरावांचा सत्कार झाला. आठ दिवस अहोरात्र झटल्याबद्दल शाल आणि नारळ. इंदूला कोणी काही दिलं नाही, कारण तिने फक्त एक प्रश्न विचारला होता.

शाल पाठीवर नीट बसेना. ती तशीच काट्यांवर अडकवून गुणवंतराव इंदूपाशी गेले. त्यांना तिची माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते असं, "खरं म्हणजे बिघाड फिल्टरमध्येच होता. त्याचं असं आहे..."

"हळू बोला काका," इंदू म्हणाली. "आत्ताच झोपलीय."

तात्पर्य : प्रश्न चुटकीसरशी सोडवणाऱ्याला कोणी विचारत नाही. तोच प्रश्न आधी निर्माण करून आठ दिवस जिवापाड सांभाळावा, म्हणजे शाल मिळते. ही गोष्ट सांगणाऱ्याच्या कपाटात अशा तीन शाली आहेत.