महादूआबांचं टमरेल

मेडशीला मास्तर म्हणून गेलो, तेव्हा शेजारच्या महादूआबांविषयी पहिली बातमी कळली ती त्यांच्या पोटाची. श्रावण लागला की हा माणूस पहाटे टमरेल घेऊन जो निघायचा, तो ऊन चढल्यावर परतायचा. गाव हळहळायचं. वैद्यबुवांनी तर सुंठीची पुडी घरपोच दिली. आबांनी ती निमूट घेतली.

पोट ठणठणीत होतं. टमरेल नुसता देखावा. आबांना टेकोड्यांची, म्हणजे वारुळापाशी उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्यांची, जागा ठाऊक होती. तिकडे अशी जागा बाप फक्त लेकाला सांगतो, बायकोलासुद्धा नाही. आबा टेकोडे डोक्याच्या पटक्यात लपवून आणायचे. मला कळलं, कारण भिंतीवरून भाजीची वाटी यायची.

एकदा वर्गात पोरांनी विचारलं, छत्र्या कशा उगवतात? मला कुठं ठाऊक! वीज कडाडली की उगवतात, असं ऐकीव ठोकून दिलं. खिडकीतून आवाज आला, "गुर्जी, पोरायले काहून फसवता?"

आबा आत येऊन सरळ माझ्या खुर्चीवर बसले. "झाड जमिनीखाली हाय, पांढऱ्या धाग्यावानी. वाळवी त्याची शेती करते. छत्री त निस्तं फळ. आंबा तोडला त झाड मरते काय? मंग वरून तोडा, खाली उकरू नका."

"मंग बी कुठं हाय?" गंगीनं विचारलं.

आबांनी पटक्यातून एक टेकोडा काढून तिच्या पाटीवर पालथा ठेवला. "उद्या पाय, काय दिसते त."

सकाळी त्यांनीच येऊन तो उचलला. पाटीवर फिकट भुकटीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या.

"हे बी. वाऱ्यानं उडते. लाखात येखांदं रुजते." आबा पाटीकडे बघतच राहिले. "येका छत्रीले इतकी लेकरं. मले येक नाई. जागा कोनाले सांगू, गुर्जी?"

सारं गाव त्यांच्या पोटाची चौकशी करत होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. वाटी रोज चाटूनपुसून खाणाऱ्या मीही नाही. लाज वाटली.

आबा उठले. "चला रे, पाट्या ठेवा."

अख्खा वर्ग वारुळापर्यंत गेला. तिथं त्यांनी सगळ्यांना बजावलं, "घरी सांगायचं नाई. मोठे झाल्यावर आपापल्या लेकरायलेच सांगायचं."

दुसऱ्या पहाटे आबांच्या मागे पोरांची रांग निघाली, प्रत्येकाच्या हातात टमरेल. वैद्यबुवा धावत माझ्याकडे आले. "गुर्जी, या पोरायले काय झालं?"

म्हटलं, "काही नाही. आबांवर गेलीत."