कुंडीतले अर्थिंग

घरातली सुरक्षितता पायांपासून सुरू होते, हे आमच्या इमारतीइतके कोणीच ओळखलेले नाही.

वीज सारखी जाऊ लागली तेव्हा आम्ही बाल्कनीत जनरेटर बसवला. वायरमन म्हणाला, "काका, जनरेटरवर जाताना स्विचने बाहेरच्या विजेच्या दोन्ही तारा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडायला हवा, आणि अर्थिंगची तार खाली जमिनीत न्यायला हवी."

"नाही नेली तर?"

"काही नाही. सगळ्यांचं चालतंच की."

या तांत्रिक सल्ल्यानुसार आम्ही फक्त फेज तोडला. जमीन तीन मजले खाली होती आणि बाहेरून तार सोडल्यास इमारतीची शोभा जाते (सोसायटी समितीचा ठराव, एकमताने मंजूर). म्हणून घरभरची अर्थिंगची तार कोरफडीच्या कुंडीत खोचली. जमिनीत माती असते, कुंडीतही मातीच असते. ती ओली हवी, म्हणून ही रोज कुंडीला पाणी घाली. कोरफड अशी फोफावली की शेजारणी पाती मागायला येत.

जनरेटरवर कपड्यांचे मशीन लावले की हिच्या हाताला मुंग्या येत.

"अहो, हे चावतंय."

वायरमनला फोन केला. "काकूंना चप्पल घालायला सांगा." सेक्रेटरींनी तेच सांगितले. हिचा भाऊ इंजिनीयर (पुलांचा), त्यानेही तेच सांगितले. आमच्या बावीस घरांपैकी बावीस घरांत मशीनसमोर रबरी चप्पल असते. एका घरात दोन जोड आहेत; ते लोक मुळातच भित्रे.

एका दुपारी जनरेटर चालू असताना हिच्या चपलेचा पट्टा तुटला. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून तिने मशीनचे झाकण उघडले.

समितीने कसून चौकशी केली. स्विच पाहिला, चालू होता. कुंडी पाहिली, माती ओली होती. दोष चपलेचा निघाला. "वहिनी माणूस सोन्यासारखं होतं," सेक्रेटरी गहिवरून म्हणाले, "पण चपलेची हयगय झाली." आता दरवर्षी पट्टे तपासले जातात.

मुलगी सध्या माझ्याकडे असते. परवा वीज गेली, जनरेटर लावला, आणि मोरीतून तिचा आवाज आला, "बाबा, हे चावतंय!"

मी जनरेटर बंद केला, कुंडीतली तार उपटली आणि खिडकीतून थेट जमिनीपर्यंत सोडली. तिथे ती नीट पुरून द्यायला दुसरा वायरमन येणार आहे. त्याच्याआधी समितीची नोटीस आली: शोभा जाते, तार काढावी. मी काढणार नाही. वायरमन येईपर्यंत वीज गेली की आम्ही दोघे अंधारात बसतो. कोरफडीला पाणी मात्र घालतो, तिला सवय आहे.

बावीस घरांतल्या चपलांबद्दल वाचून तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या. फक्त एक सांगा, तुमच्या मशीनसमोर ती चप्पल कोणी ठेवली?