कढईला लागलेलं तांबं

सभेतून मध्येच उठायचं, असं तुकिरानने ठरवलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. इंडोनेशियाच्या शेतीखात्याच्या नोरहायातीबाई सांगत होत्या, "कालिमान्तानची ही काळी जमीन म्हणजे नुसता कुजलेला पालापाचोळा. हिला तांबं कमी पडतं." एवढं कळल्यावर पुढचं कशाला ऐकायचं? (पुढचंच महत्त्वाचं होतं. पण तुकिरानला निम्म्या सल्ल्यातच पुरेसं शहाणपण येतं.)

दोन वर्षं त्याची मोहरीची भाजी पिवळी पडत होती. यंदाही गेली तर सरळ जावा बेटावर, भावाकडे निघून जाईन, असं त्याच्या बायकोने, मुर्तिनीने, बजावलं होतं. आईने दिलेलं भात उकडायचं तांब्याचं भांडंही ती नेणार होती. तुकिरानला भाताविना जगता आलं असतं, मुर्तिनीविना नाही.

"जमिनीला तांबं द्यावं लागणार," घरी येताच तो म्हणाला.

"द्यायचं म्हणजे? पुरायचं?"

"छे, विरघळवायचं. मोठं भांडं काढून ठेव."

मुर्तिनीचा चेहराच उतरला. तो बाजारात गेला, तशी ती आईचं भांडं पदराआड घेऊन शेजारणीकडे लपवायला गेली.

तुकिरान अर्धा किलो निळाशार मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, घेऊन आला. घरात मोठं म्हणावं असं एकच उरलं होतं, लोखंडी कढई. तिच्यात त्याने मोरचूद पाण्यात कालवला आणि जरा आडवा झाला. उठून बघतो तर निळं पाणी फिकट हिरवं झालेलं आणि कढई आतून तांबडीलाल. तांबं छान उतरलं, असं म्हणत त्याने ते पाणी शेतभर शिंपडलं.

"हे काय?" मुर्तिनीने परत आल्यावर कढईत डोकावून विचारलं.

"तांबं."

"ते जमिनीला द्यायचं होतं ना?"

"हो."

"मग माझ्या कढईला का दिलंत?"

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी नोरहायातीबाईंनी दिलं. "लोखंडात कालवू नका, तांबं लोखंडालाच बसतं. प्लास्टिकची बादली घ्या. सांगितलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही उठून गेल्यावर."

मुर्तिनी चार दिवस मागच्या दारी राखेने कढई घासत होती आणि ते पाणी तिथल्याच वाफ्यात ओतत होती. महिन्याभराने शेत ठरल्याप्रमाणे पिवळं पडलं. मागच्या दारची मोहरी मात्र गर्द हिरवी, पान हातभर. बाई कॅमेरा घेऊन धावत आल्या.

"राखही मिळाली, तांबंही मिळालं. कुणाची ही युक्ती?"

मुर्तिनीने नवऱ्याकडे बोट केलं. "यांचीच म्हणायची. कढई माझी."

"मग जावाला कधी निघतेस?" तुकिरानने भीतभीतच विचारलं.

"एवढा वाफा टाकून कोण जातं?"

तुकिरानला फार आनंद झाला. वाफ्यासाठी का होईना, ती राहणार होती. तो ऐटीत तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"अहो तुकिरान, जरा बाजूला होता का? मागची भाजी दिसत नाहीये."