वळूच्या नावावरची गाठ

चंद्रभानला ती गाठ सापडली आंघोळीच्या दगडावर, ऐन बाजाराच्या दिवशी. डाव्या अंडाला, एका कडेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. टणक. दाबली तरी दुखेना. त्यानं पुन्हा दाबली. तरी दुखेना. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. दुखण्याला निदान 'आई गं' म्हणता येतं. न दुखणारी गोष्ट, आणि तीही तसल्या जागची, माणसानं सांगावी कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

चंद्रभान टाकळीचा साधा शेतकरी, तिशी नुकतीच ओलांडलेला. लाजाळू एवढा, की चारचौघांत बायकोला बोलवायचं झालं तर तो नुसता खोकायचा. कस्तुराबाई त्या खोकल्याला ओ द्यायची. खरोखरचा खोकला झाला की मात्र बिचारीची दिवसभर धावपळ व्हायची.

होळीपर्यंत हरभऱ्याचं बोर झालं. चालताना तिथं काहीतरी ओढल्यासारखं, जड जड वाटायला लागलं. शेवटी मन घट्ट करून चंद्रभान मानवतला गेला आणि डॉक्टरच्या पायऱ्या चढला. अवघड जागचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. त्याच्या नशिबात ती उलटी होऊन बसली होती, अगदी बाकावर, पदर तोंडाला लावून. त्याची सासू पार्वतीबाई.

"आगं बया! जावईबापू? काय व्हायलंय तुमाला?"

"कुटं काय? मी... वाट चुकलो."

असं म्हणून तो उलट्या पावली पायऱ्या उतरला आणि सासूची नजर चुकवायला शेजारच्या फाटकात शिरला. तो जनावरांचा दवाखाना होता. ढोरांचे डॉक्टर दिनकरराव टेबलावर पाय ठेवून बसले होते. सकाळपासून त्यांच्याकडे एक शेळीसुद्धा फिरकली नव्हती.

"बोला. काय जनावर आहे?"

आता काहीतरी जनावर असणं भागच होतं. "वळू," चंद्रभान म्हणाला. आणि वळूच्या नावावर का होईना, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. कुठं आहे, केवढी आहे, कशी वाढली. दिनकररावांचे पाय टेबलावरून खाली आले.

"दुखते का?"

"न्हाई ना! तीच तर पंचाईत हाय."

"जड वाटतं?"

"लय. बसलं की बरं वाटतं, चाललं की वडल्यागत व्हतं. सायकलवर तर इचारूच नका."

दिनकररावांनी चष्मा काढला. "वळू सायकलवर बसतो?"

"न्हाई साहेब, मी आपलं... अंदाजानं सांगायलोय."

ढोरांच्या त्याच त्या लाळ्या-खुरकतीला कंटाळलेल्या दिनकररावांना वळूचं असलं दुखणं आयुष्यात बघायला मिळालं नव्हतं. त्यांनी चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्याच येतो टाकळीला. माझ्या डोळ्यांनी बघतो."

टाकळीत वळू एकच होता, आणि तो महादेवाला सोडलेला. दिनकरराव पेटी घेऊन उतरले तेव्हा अर्धा गाव पारावर जमला होता. गावचे पाटील आबासाहेब सगळ्यांत पुढं. "देवाच्या वळूला रोग? आन् आमाला पत्ता न्हाई?"

गडी दोर घेऊन सरसावले. वळूनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, दोर धरलेल्या गड्यांना तसेच फरफटत नेलं आणि सरळ पाटलांच्या अंगणात घुसला. तिथं बाजांवर उडदाचे पापड वाळत घातलेले होते. वळू थांबला. पापड खायला लागला. जे दोरांना जमलं नाही ते पापडांनी केलं. त्याच्या मागं गुडघे टेकून दिनकररावांनी निवांत, हवं तेवढा वेळ, सगळी तपासणी उरकली. पाटलीणबाई आतून ओरडत होत्या, पण डॉक्टरांना भान नव्हतं.

"ठणठणीत आहे," ते उठून म्हणाले. "गाठ नाही, बीठ नाही. कुणी पाहिली होती?"

सगळा गाव चंद्रभानकडं बघायला लागला.

"देवाच्या वळूवर आळ घेतूस?" आबासाहेब गरजले. "आन् पापडाचं काय? बोल की!"

चंद्रभान खोकला. तेवढ्यात गर्दीतून पार्वतीबाई पुढं आली. जावई वाट कशी चुकला, हे बघायला ती सकाळच्या मोटारीनंच लेकीकडं आली होती. "काल दवाखान्यातून पळाले हो माजे जावई! तवाच मला संशेव आला."

कस्तुराबाईनं आईकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. दारं लावून चालणारी आंघोळ, कोपऱ्यात धूळ खात पडलेली सायकल, फेंगडी चाल. तिच्या डोक्यात सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. पदर सावरून ती डॉक्टरांपुढं गेली.

"डाक्टरसाहेब, वळूला सोडा. ज्यानं सांगितलं त्याला बगा."

अंगणात असं काही शांत झालं, की पापडांचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

पाटलांच्या गोठ्यात दार लावून दिनकरराव म्हणाले, "मी ढोरांचा डॉक्टर. पण एवढं मलाही कळतं. सोडा धोतर." पेटीतली बॅटरी काढून त्यांनी ती मागून लावली. चंद्रभान लाज विसरून वाकून बघायला लागला.

"उजेड कशाला, साहेब?"

"आत पाणी साठलं असेल तर उजेड आरपार येतो, लाल दिसतो. इथं बघा. काळं."

"म्हंजी?"

"म्हणजे भरीव गाठ आहे. आणि न दुखणाऱ्या गाठीचीच मला जास्त भीती वाटते." दिनकररावांनी बॅटरी विझवली. "हैद्राबादला जा. उद्याच. आणि तिथं गेल्यावर वळूचं नाव सांगू नका."

जिल्हा नुकताच हैद्राबादकडून मुंबई राज्यात गेला होता, पण दुखणं अजून हैद्राबादचीच गाडी धरत होतं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या पिकल्या दाढीच्या डॉक्टरनं तपासलं, छातीचा फोटो काढायला लावला आणि विचारलं, "कब से है?"

"दिवाळीपासून."

"और बताए अब? शरम से मरते लोगां, बीमारी तो बाद में मारती." मग त्यांनी समजावलं. जांघेत चीर देऊन ते अंड गाठीसकट काढायचं. काढून दुर्बिणीखाली बघायचं.

चंद्रभान खोकला. सोबत आलेल्या कस्तुराबाईला त्या खोकल्याचा अर्थ कळला. तिनं सरळ विचारलं, "एकावर भागंल का? पुढं लेकरंबाळं?"

"एक काफी है, अम्मा. अल्ला ने जोडी इसी लिए तो दी."

ऑपरेशननंतर चंद्रभाननं हट्ट धरून ती बरणी बघितली. अर्कात ठेवलेलं, मधोमध चिरलेलं, आतून फिकट. लोणच्याच्या फोडीसारखं. एवढीशी ती चीज, आणि हिच्यासाठी आपण देवाचा वळू गावभर पळवला, याचं त्याला नवल वाटत राहिलं. मग दुर्बिणीचा निकाल आला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, नशिबानं वेळेत सापडला, बाहेर पसरलेला दिसत नाही. पोटावर किरणांचा शेक दिला की बहुतेक निभावेल.

चंद्रभाननं त्यातला 'बहुतेक' तेवढा ऐकला. दुपारी तो व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून बसला. कस्तुराबाई शेजारी येऊन टेकली. इतके दिवस धरलेलं तिचं रडू तिथं फुटलं, पण रागाच्या वाटेनं.

"वळूच्या डाक्टरला सांगितलंव. मला न्हाई सांगितलं. तुमाला काय झालं असतं तर लोकांला मी काय सांगू? लाजून मेले म्हनून?"

चंद्रभान भिंतीकडून तिच्याकडं वळला. "कस्तुरा," तो म्हणाला. न खोकता. ती रडायची थांबून त्याच्याकडं बघतच राहिली.

शेकाचे दिवस वाईट गेले. अन्नाचा वास आला की मळमळायचं, अंगावरचं मांस झडलं. पण शेक संपला, तपासणी झाली, आणि दाढीवाल्या डॉक्टरनं, "दर तीन महिने आते रहना. अब जाओ घर," असं सांगून पाठीवर थाप मारली.

परतीच्या गाडीत समोर फरची टोपी घातलेले एक शेठ बसले होते. राधाकिशन, जालन्याचे व्यापारी. त्यांनी आपलं रीतीप्रमाणं विचारलं, "कुठून येणं झालं?"

आणि चंद्रभान बोलायला लागला. दगडावरच्या आंघोळीपासून जे सुरू केलं ते बॅटरी, बरणी, शेक, काही म्हणता काही वगळलं नाही. जागेचं नावसुद्धा मोकळेपणानं, जवारीचं नाव घ्यावं तसं घेतलं. आख्खा डबा कान टवकारून ऐकत होता. वरच्या फळीवरचा माणूस वाकून म्हणाला, "मंग किती मोठी व्हती म्हनलाव?" चंद्रभाननं दोन बोटांनी माप दाखवलं. भर गावात तोंड उघडणारी कस्तुराबाई मात्र हनुवटीपर्यंत पदर ओढून खिडकीबाहेर बघत होती.

"हळू बोला की," ती दातांतून म्हणाली.

"हळू बोलूनच तर वाढली ती."

राधाकिशन शेठ अधूनमधून विचारत होते, आपलं माहिती असावी म्हणून. "दुखत नाही म्हणता? अजिबात?" थोड्या वेळानं, "आणि टणक? म्हणजे कितपत टणक?" परभणीनंतर ते बोलायचेच थांबले.

मानवत रोडला दोघं उतरली. गाडी हलली तशी कस्तुराबाईनं मागं पाहिलं. ट्रंक हातात धरून राधाकिशन शेठ फलाटावर उभे होते.

"शेठजी, आवो जालना फुडं हाय," चंद्रभान म्हणाला.

"हो, हो. ठाऊक आहे." शेठ रुळांकडं बघत होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "हैद्राबादला उलटी गाडी... किती वाजता असते हो इथून?"

कस्तुराबाईनं तोंडावरचा पदर मागं सारला, गाठोडं खाली ठेवलं आणि फलाटावरच्या बाकाची धूळ हातानं झटकली.

"बसा शेठजी," ती म्हणाली. "गाडीला येळ हाय. तवर ह्यांला काय इचारायचं ते समदं इचारून घ्या."